पायाखालचे दोन शब्द

(दृश्य: बुखारेस्ट, जुन्या शहरातली लिप्स्कानी गल्ली. फरसबंदीवरून जाणारे पाय.)

ही दगडी फरसबंदी. रोमानियन भाषेत तिला म्हणतात 'पावाझ'. आणि दगडांखालची माती? ती 'पमिंत'. पावाझ आला फ्रेंचमधून, पमिंत इथे रोमन लोकांपासून आहे. पण दोघांचं मूळ एकच: लॅटिन 'पाविरे', म्हणजे चोपणं.

घरात मातीची जमीन करताना धुमसाने ठोकून ठोकून ती बसवतात ना, अगदी तेच काम. अशी चोपलेली जमीन म्हणजे 'पाविमेंतुम'. इ.स. 106मध्ये रोमन सम्राट ट्राजानने डेशिया, म्हणजे साधारण आजचा रोमानिया, जिंकलं आणि हा शब्द डॅन्यूबच्या उत्तरेला पोचला. तोंडोतोंडी फिरताना त्यातला 'व' गळाला, शेपूट झडलं, उरला पमिंत. शब्द आखडला, अर्थ मात्र पसरत गेला. आधी घरातली जमीन, मग शेतातली माती; आज सूर्याभोवती फिरणारी अख्खी पृथ्वीही पमिंतच! आणि लॅटिनमध्ये भूमीला जो 'तेर्रा' होता, त्याचा इथे झाला 'त्सारा'. उच्चार आपल्या 'चाक'मधल्या 'च'चा, अर्थ 'देश'.

(दृश्य: कालेआ व्हिक्टोरिएई.)

गल्ली संपते तिथे हा मोठा रस्ता लागतो. वालाकियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियातल्या जुन्या संस्थानाचा शासक कॉन्स्टान्टिन ब्रिन्कोव्यानू याने 1692मध्ये तो काढला, तेव्हा चिखलावर चक्क लाकडं आडवी टाकली होती. म्हणून नाव पडलं 'पोदुल मोगोशोआयेई', म्हणजे मोगोशोआया गावाकडचा 'पोद'. हा 'पोद' स्लाव्ह भाषेतला. तेव्हा त्याचा अर्थ लाकडी तळ असाही होता, आज पूल. (कालेआ व्हिक्टोरिएई, म्हणजे विजयमार्ग, हे आत्ताचं नाव 1878चं, स्वातंत्र्ययुद्धानंतरचं.) पुढे दगड आले. गोट्यांच्या फरसबंदीला तुर्की शब्द होता, 'कल्दरिम'. तो अजूनही ऐकू येतो, पण थोडा खडबडीत, जुन्या वळणाचा.

19व्या शतकात बड्या घरची मुलं शिकायला पॅरिसला जाऊ लागली. तिथून कपड्यांची फॅशन आली, तसे शब्दही आले, गाडीभर. त्यातच फ्रेंच 'पावाज'. तोही पाविरेचाच वंशज. इथे आला आणि पावाझ म्हणून नांदू लागला. आपल्या व्याकरणात तत्सम आणि तद्भव अशी जोडी लावतात, पण इथे प्रकरण वेगळं. हा पाहुणा थेट लॅटिनच्या घरून आलेला नाही, फ्रेंचच्या घरी वाढून आलाय.

(दृश्य: रस्तादुरुस्ती. कामगार पहारीने एक दगड उचकटतो.)

वर पावाझ.

(दगड बाजूला होतो. ओली, काळी माती.)

खाली पमिंत.