सिल्ली, चमोटा आणि बोटं

आधी नुसता आवाज ऐका. दगडावर वस्तऱ्याचं पोलाद घासलं की कर्कश काहीतरी ऐकू येईल असं वाटतं ना, पण ओल्या सिल्लीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पातं नीट बसलेलं असेल तर एवढीच बारीक सरसर येते. खरखर आली की समजायचं पातं तिरकं टेकलंय, नाहीतर हात जास्त जोर करतोय.

हे इंदूर. राजवाड्यामागची एक गल्ली, दोन खुर्च्यांचं दुकान, भिंतीवर सेना महाराजांची तसबीर, आणि हे काका. नाव नका टाकू म्हणाले, म्हणून काकाच. सकाळी गिऱ्हाइकांच्या दाढ्या, त्या मात्र अर्धी ब्लेड लावायच्या वस्तऱ्याने, दर माणशी नवी ब्लेड. दुपारी दुकान रिकामं झालं की टेबलावर ओला टॉवेल पडतो आणि त्यावर निघतात हे, जुने, अख्ख्या पात्याचे वस्तरे. हे गिऱ्हाइकांच्या गालावर चालत नाहीत. कुणाला आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला असतो, कुणी ऑनलाइन मागवलेला असतो, आणि बहुतेकांनी तो घरी उघडून बघताना बोट कापून घेतलेलं असतं, मग ते इथे येतात.

हा काकांचा स्वतःचा. पात्याच्या मानेवर अक्षरं दिसतायत बघा, सोलिंगेन. जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव, नावाला एवढी किंमत की 1938 साली कायदाच झाला, तिथे बनलेल्या मालावरच ते नाव टाकायचं. दुसरं तसंच गाव इंग्लंडमधलं शेफिल्ड, तिथले वस्तरेही आपल्याकडच्या न्हाव्यांच्या जुन्या धोकट्यांमधून निघतात. काकांच्या घरात सांगतात की हा इंदूरजवळच्या महूच्या छावणीतून आला, पणजोबा तिथे साहेब लोकांच्या दाढ्या करायला जायचे. 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महूला इंग्रजांची छावणी बसली, तेव्हापासून इकडचे कारागीर तिकडे जातच होते. मग 1904 मध्ये गिलेटला अमेरिकेत त्याच्या रेझरचं पेटंट मिळालं, वापरून फेकायची ब्लेड सगळीकडे पोचली, आणि धार लावायचं काम हळूहळू हातातून गेलं. काम गेलं त्याचं एवढं वाईट नाही, पण त्या कामाबरोबर हाताला लागणारी शिस्तपण गेली आणि वस्तरा मात्र आता परत फॅशनमध्ये येऊन राहिलाय, खरी पंचाईत ही आहे.

उघडण्यापासूनच बघा. रीलमध्ये मनगटाला झटका देऊन उघडतात, काकांना ते दाखवलं तर त्यांनी मोबाइलच उलटा ठेवला. एका हाताने मूठ बाहेरच्या बाजूने धरायची, पातं जिथून आत जातं त्या फटीत एकही बोट नको, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची मान, आणि सावकाश. त्याआधी मुठीचा रिव्हेट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं ती खीळ, हलवून बघायचा, ढिला असेल तर बंद करताना धार मुठीच्या कडेवर आपटते, धार पण जाते आणि पातं कुठे सरकेल त्याचा भरवसा नसतो.

आता सिल्ली. तिच्यावर पेन्सिलने जाळी काढतायत बघा, आडव्या उभ्या रेघा. खाली सपाट काच, काचेवर पाणी आणि पॉलिश पेपर, आणि सिल्ली उलटी करून घासायची. थांबून बघितलं तर कडेच्या रेघा गेल्या, मधल्या तशाच, म्हणजे सिल्ली मधे खोलगट झालीय. मधल्या रेघा जाईपर्यंत घासत राहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, आम्ही पण फास्ट फॉरवर्ड केलंय, पण वाकड्या सिल्लीवर पातं डुगडुगतं आणि डुगडुगणारं पातं सावरायला दुसऱ्या हाताची बोटं आपोआप पुढे येतात. कापतं ते तिथेच.

सिल्ली ओल्या टॉवेलवर ठेवलीय कारण कोरड्या टेबलावर ती सरकते. काही जण हातात धरून धार लावतात, काका पण कधीकधी, तेव्हा हा शॉट नीट बघा, बोटांची टोकं सिल्लीच्या वरच्या कडेपासून किती खाली आहेत. अंगठा जरा जरी वर आला तर पातं थेट त्याच्यावर जाणार.

पातं आता आडवं झोपवलं. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यातून तो आधीच ठरलेला आहे, आपण फक्त पाठ उचलायची नाही. दगडावर धार पुढे, पाठ मागे. टोकाला पोचलं की पाठीवर पलटायचं, धारेवर कधीच नाही. जोर म्हणाल तर वस्तऱ्याचं वजन असतं तेवढाच, पोळीला तूप लावताना हात चालतो तसा. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, धारेजवळ इतकं पातळ की दाबलं तर वाकतं, आणि मग एक भाग लागतो, एक लागत नाही.

कुठे लागतंय ते कसं कळणार? धारेवर काळ्या मार्करची एक रेघ ओढली, दोन हात फिरवले, आता भिंगातून बघा. टोकाकडची शाई गेली, मधली आहे. म्हणजे मधे अजून दगड पोचतच नाहीये. धार पार गेलेली असेल तर एक हजार नंबरच्या दगडापासून सुरू करायचं, मग चार-पाच हजार, मग आठ हजार, मग बारा हजार, नंबर मोठा तेवढा दगड बारीक. एका दगडाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, आणि मधे पातं पुसायचं, ते पण पाठीकडून धारेकडे. धारेच्या लांबीवरून फडकं ओढलं तर फडकं आणि बोट दोन्ही जातं.

इथे शूटिंगमध्ये बाहेरून कुणीतरी हाक मारली. काकांनी काय केलं ते बघा, आधी पातं उचललं, बंद केलं, टेबलावर ठेवलं, आणि मग मान वर केली. नंतर आमच्या कॅमेऱ्यावाल्याला म्हणाले, “भिया, हाक मारणारा थांबतो, वस्तरा थांबत नाही.”

धार आली का हे अंगठ्याने बघू नका, लांबीवरून तर अजिबात नाही. काका ट्यूबलाइटखाली धार वर करून धरतात. बोथट धारेवर उजेडाची एक पांढरी रेघ चमकते, खाच असेल तिथे ठिपका दिसतो. चांगल्या धारेवर काहीच दिसत नाही.

मग चमोटा, म्हणजे हा चामड्याचा पट्टा. एक टोक खुर्चीला अडकवलेलं, दुसरं हातात, ताणून, कारण झोळ पडला की पातं चामड्यात बुडतं आणि धार गोल होते. इथे सगळं उलट, पाठ पुढे, धार मागे. पलटताना मान चिमटीत फिरते, मनगट नाही. पन्नास-साठ हात सहज होतात, आणि सिनेमातल्यासारखा सटासट वेग घ्यायची काही गरज नाही, वेगात एखादा पलटा चुकला की चमोट्यावर ही अशी चीर पडते. ही जुनी चीर आहे, पुतण्याच्या हातची, तो तेव्हा शिकत होता, आता तो पण हळू करतो.

पडणारा वस्तरा झेलायचा नाही. पडू द्यायचा, पाय मागे घ्यायचे. आम्ही बंद वस्तरा खाली पाडून बघितला तेव्हाही आमच्यातल्या दोघांचे हात पुढे गेलेच, स्लो मोशनमध्ये दिसतंय. दुसऱ्याला द्यायचा तर बंद करून. पोरांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही, आणि आरशासमोरच्या ओल्या फळीवर तर नाहीच, हे कार्बन पोलाद आहे, रात्रीत गंजतं. दाढी झाली की कोरडा करून मशीनच्या तेलाचा एक थेंब.

आणि हो, एकाचा वस्तरा दुसऱ्याला नाही. रक्तातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी जिवंत राहतो, बीची लस आहे, सीची नाही, आणि तुरटी फिरवून किंवा डेटॉलच्या पाण्यात बुडवून पातं निर्जंतुक होत नाही. कापलंच तर स्वच्छ कपड्याने दाबून धरायचं, खोल असेल तर डॉक्टर, टिटॅनसचं विचारून घ्यायचं.

अर्धी ब्लेड करताना कागदाच्या आतच मोडायची, ती अशी. वापरलेली या पत्र्याच्या डब्यात, वर फक्त एक फट पाडलीय, उघडायचं झाकणच नाही. डबा भरला की कचरागाडी आल्यावर घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात, इंदूरच्या गाड्यांना तो कप्पा वेगळा असतो, आणि डबा हातात देताना आत काय आहे ते काका दरवेळी तोंडाने सांगतात.

हा मुलगा पुण्याहून आलाय, मावशी इथे रामबागेत राहते, वस्तरा आजोबांचा. काकांनी बंद करून वर रबर लावलं, फडक्यात गुंडाळून कडक डब्यात घातला आणि विचारलं विमानाने जाणार का, कारण केबिन बॅगेत नेला तर सिक्युरिटीवर काढून घेतात, चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागतो. तो म्हणाला नाही काका, बसने. मग डबा बॅगेत अगदी तळाशी ठेव म्हणाले, आणि घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस दाढी नको, नुसता चमोटा.