आजोबांच्या धोतराची दुपटी

(दृश्य: पांढरं जुनं धोतर, कात्री, शेजारी वजनकाटा)

बाळाच्या अंगाखाली घालायला जुन्या धोतरासारखं कापड नाही. धुऊन धुऊन त्यातली खळ कधीच निघून गेलेली असते आणि सूत मऊ पडलेलं असतं. या घरात पहिलं बाळंतपण आहे. लेक माहेरी आली आहे आणि आजोबांच्या धोतराची दुपटी, झबली, एक कुंची असं सगळं मायलेकी मिळून शिवणार आहेत. कापडाला रंगही घरीच द्यायचा, असं लेकीनं ठरवलंय. त्यावर आईचा पहिला प्रश्न आला, "अगं, बाळ ते तोंडात घालणार. रंग उतरला तर?"

याहून महत्त्वाचा प्रश्न या कामात दुसरा नाही. आपल्या कपड्याचा रंग धुण्यात टिकला की आपलं भागतं. बाळाच्या कपड्याचा रंग लाळेतही टिकावा लागतो. कापडं तपासणाऱ्या 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००'मध्ये ३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळा, सर्वांत कडक वर्ग आहे आणि त्यात लाळेची चाचणी असते. 'अ‍ॅझो' नावाच्या काही कृत्रिम रंगांतून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं सुटू शकतात, म्हणून जर्मनीनं १९९४ मध्ये आणि भारतानं १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली.

पण झाडापानांचा रंग म्हणजे निर्धोकच, असंही समजू नका. तो पक्का करायला काही जण मोरचूद वापरतात, काही जण पोटॅशियम डायक्रोमेट हा क्रोमियमचा क्षार. बाळाच्या कपड्यासाठी ही दोन्ही घरात आणूच नयेत. तुरटी पुरते.

(दृश्य: गॅसवर स्टीलचं पातेलं, पाण्याला पिवळसर झाक)

धोतर स्वच्छ दिसतंय, तरी ते धुण्याच्या सोड्यात तासभर उकळायचं. पाणी बघा, चहासारखं झालंय. अंगाचं तेल आणि साबणाचा अंश, सगळं यात उतरलं. हे राहिलं असतं तर रंग वरवर बसला असता आणि डाग डाग दिसला असता. पातेलं रंगकामाचंच ठेवायचं, स्वयंपाकाला पुन्हा घ्यायचं नाही.

आता हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, बाळगुटीत उगाळतात तोच. रंगकामाला याच झाडाचं पिकलेलं फळ घेतात. सुती धाग्याला तुरटी नीट धरत नाही, लोकरीला धरते. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरट चव देणारं द्रव्य, आधी सुताला चिकटतं, मग तुरटी त्या टॅनिनला धरते आणि रंग तुरटीला. कोरडं कापड अर्धा किलो भरलं, म्हणून हिरड्याची पूड ७५ ग्रॅम आणि तुरटीही ७५ ग्रॅम. हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजलेलं कापड सकाळी सायीच्या रंगाचं दिसतं. ते पिळून, वाळवून मग तुरटीच्या कोमट पाण्यात.

एवढं होईस्तोवर दोन दिवस गेले आणि रंगाचा अजून पत्ता नाही. घरी रंगवायला शिकणं म्हणजे मुख्यतः हेच दोन दिवस न कंटाळता काढणं.

(दृश्य: वाळलेली डाळिंबाची सालं, काढा गाळताना)

सोलापूरकडची डाळिंबं खाल्ली की सालं फेकू नका, सावलीत वाळवा. इथं अडीचशे ग्रॅम सालं तासभर उकळून दोनदा गाळली आहेत. कापड ओलं करून घातलं आणि सारखं हलवत राहिलं की मोहरीच्या फुलासारखा पिवळा चढतो. लोखंडी कढई मात्र नको. लोखंडाशी गाठ पडली की हाच पिवळा काळपट हिरवा होतो.

आई विचारते, "एवढा खटाटोप कशाला? हळद काय वाईट?" लेक हळदीत बुडवलेली चिंधी घेते, वर साबण घासते. क्षणात चिंधी तांबडी. "आई, बघ. आणि उन्हात टाकलीस की हाच रंग उडून जातो." हळद पटकन चढते आणि पटकन जाते, म्हणून दुपट्याला डाळिंब बरं.

(दृश्य: पांढऱ्या रुमालानं कापड घासताना, जवळून)

आता आईच्या प्रश्नाकडे. रंगवलेलं कापड सावलीत वाळवून आठवडाभर तसंच ठेवलं, मग रिठ्याच्या पाण्यात धुतलं. पाणी पिवळं आलं, पुन्हा धुतलं. ते नितळ येईपर्यंत धुवायचं. मग पांढरा रुमाल ओला करून जोरात घासायचा. पहिल्या कापडाच्या एका कोपऱ्यावर रुमाल पिवळा झाला. आईनं ते कापड बाजूला काढलं. त्याचं दुपटं होणार नाही, पाळण्यावर टांगायच्या चिमण्या होतील. बाकीच्यांवर रुमाल पांढराच राहिला. आता आई सुईत दोरा ओवतेय.