पडवीतली लोखंडी खुर्ची : रंगाआधीचं काम

(दृश्य : खुर्चीचा पाय, अगदी जवळून. रंगाचा फुगा नखाखाली फुटतो.)

कोकणातल्या पडवीत पावसाळा काढलेली लोखंडी खुर्ची. लांबून रंग शाबूत दिसतो, पण नख लावलं की पोपडा सुटतो आणि आतून तांबडी भुकटी पडते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. यावरच नवा हात मारला तर तो पोपड्याला चिकटतो. पुढच्या पावसात दोन्ही एकदमच उतरतात.

पायांचे रबरी बूच आधी काढायचे. आत साचलेलं हे पाणी बघा. पाइप सडायला सुरुवात इथूनच होते.

आता धुणं. कोमट पाणी, कपड्यांची पावडर, नायलॉनचा ब्रश आणि शेवटी भरपूर साधं पाणी. खाऱ्या हवेतलं मीठ गंजाच्या खाचांत बसतं, ओल धरून ठेवतं आणि प्राइमरखाली पुन्हा गंज धरतो. मीठ पाण्यानेच जातं. खुर्चीच्या हातांवरचं तेल, घामाचा मेणचट थर मात्र टर्पेंटाइनने काढावा लागतो : एक फडकं भिजवलेलं, त्यामागोमाग दुसरं कोरडं. एकाच फडक्याने तेल फक्त इकडचं तिकडे होतं. आणि हे सगळं पॉलिश पेपर मारायच्या आधी. नाहीतर तेच तेल ओरखड्यांत जाऊन बसतं.

(दृश्य : पाठीच्या पट्टीवर पाणी मारलेलं.)

डावीकडे पाण्याचे थेंब झालेत, तिथे अजून तेल आहे. उजवीकडे पाणी सलग पसरलंय. तो भाग तयार.

किती रंग काढायचा? सगळा काढण्याचा हट्ट बहुतेक वेळा फुकट मेहनत ठरतो. घट्ट बसलेला जुना थर ही आयती पायाभरणी आहे. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा थेट लोखंडापर्यंत ओढायच्या, वर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात खेचायची. पंचवीसच्या पंचवीस चौकोन जागेवर राहिले, तर तिथे नुसती चकाकी मोडायची. चौकोन पट्टीबरोबर आले, तर तेवढा भाग स्क्रॅपरने खरवडायचा.

जोडांवर तारेचा ब्रश. मशीनचा तारेचा ब्रश एकाच जागी फार फिरवला तर लोखंड गुळगुळीत होतं आणि गुळगुळीत लोखंड रंग धरत नाही. त्यावर ८० नंबरचा कागद मारून खरबरीतपणा परत आणावा लागतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे आणि ही खुर्ची त्याआधीची. म्हणून कोरडं घासू नका. वॉटर पेपर, मास्क, खाली प्लास्टिक, मुलं लांब.

(दृश्य : खुर्चीच्या हातावर पाणी मारत घासणं. रंगाची कडा.)

१२० ने सुरुवात, २२० ने शेवट. उघड्या लोखंडाभोवती बघा : तांबडा प्राइमर, मग चंदेरी, हिरवा, वरचा क्रीम, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे. ही वलयं जितकी रुंद, तितका उतार सौम्य. डोळे मिटून बोट फिरवायचं. बोटाला कडा लागली तर रंगानंतर डोळ्यालाही दिसणार. इनॅमल चकाकी आणतं, पायरी बुजवत नाही.

खड्ड्यांत ब्रश पोचत नाही. तिथे फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंजावरचं द्रावण, हातमोजे घालून. तांबडा डाग राखाडी-काळा होत जातो. डब्यावरची वेळ झाली की धुऊन, पुसून उन्हात. अ‍ॅसिड मागे राहिलं तर प्राइमर धरत नाही.

इथून पुढे घाई करायची. किनाऱ्यावर उघडं लोखंड रात्रभर राहिलं तर सकाळी पुन्हा तांबूस होतं. त्यामुळे प्राइमर त्याच दिवशी, ऊन असताना. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. लोखंड दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते त्यापेक्षा, किमान तीन अंश सेल्सिअसने गरम हवं. संध्याकाळी लावलेल्या प्राइमरवर दव पडतं.

रेड ऑक्साइड प्राइमर टर्पेंटाइनने पातळ करा. हा शेजारचा तुकडा बघा, मुद्दाम एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरने केलाय : जुना रंग सुरकुतून वर आलाय. आधी जोडांत ब्रश खुपसून, मग सपाटीवर. रात्रभर वाळू द्या. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) या प्राइमरवर भरायची, पातळ थरांत. जाड भरली तर वरून सुकते, आत मऊ राहते आणि नंतर खचते. ३२० चा वॉटर पेपर, पुन्हा प्राइमर.

मग इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. त्याचं चित्रीकरण आम्ही केलेलं नाही; तेवढं डब्यावर छापलेलं असतं.