नील फ्रँकलिन : बोगोटाला गेलेला सेंटर हाफ

मंडळी, आपल्याकडे शेतावर सालगडी असतो. गुढीपाडव्याला त्याचं साल भरतं. पटलं तर तो त्याच मालकाकडे राहतो, नाही पटलं आणि अंगावर उचल नसली, तर दुसऱ्याच्या शेतावर जातो. १९५० साली इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूला एवढीही मोकळीक नव्हती. करार वर्षाचाच असायचा. पण वर्ष संपलं आणि क्लबनं त्याचं नाव राखून ठेवलं, की दुसरा कोणताही क्लब त्याला घेऊ शकत नसे. पगारालाही कायद्यासारखी मर्यादा होती : हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त १२ पौंड, उन्हाळ्यात १०. तुम्ही इंग्लंडकडून खेळत असा, नाहीतर तळाच्या विभागात, वरची रेघ तीच.

नील फ्रँकलिनची गोष्ट सांगताना ही चौकट आधी सांगावी लागते. नाहीतर पैशासाठी देशाला सोडून गेलेला माणूस एवढंच त्याचं चित्र उरतं, आणि बरीच वर्षं तेवढंच उरलं होतं.

तो २४ जानेवारी १९२२ ला स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये जन्मला. मातीच्या भांड्यांच्या भट्ट्यांचं हे शहर. तिथल्याच स्टोक सिटी क्लबमध्ये तो लहानपणी दाखल झाला, सतराव्या वर्षी व्यावसायिक झाला, आणि लगेच युद्ध सुरू झालं. त्याच्या उमेदीच्या वर्षांतले सामने युद्धकाळातले, म्हणजे अधिकृत आकड्यांत न धरले जाणारे.

आता त्याच्या खेळाबद्दल. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि गोल धडाधड व्हायला लागले. त्यावर उपाय म्हणून मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागे खेचून दोन फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूंच्या, मध्ये उभं केलं गेलं. त्याचं काम एकच : समोरच्या सेंटर फॉरवर्डला थोपवायचं. धिप्पाड माणूस शोधायचा, त्यानं उंच चेंडू डोक्यानं परतवायचा आणि जमिनीवरचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावायचा. कोणी तक्रार करत नसे. फ्रँकलिन याच जागेवर खेळायचा, पण चेंडू फेकून देणं त्याला पटत नव्हतं. डोळ्यांपुढे आणा : चिखल झालेलं मैदान, पाणी पिऊन जड झालेला चामड्याचा चेंडू, अंगावर धावून येणारा फॉरवर्ड, आणि मागे आपलाच गोल. अशा वेळी हा माणूस चेंडू पायाखाली घ्यायचा, मान वर करायचा आणि पाच-दहा पावलांवरच्या विंग हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या कडेच्या खेळाडूला, अलगद पास द्यायचा. आज हे प्रत्येक बचावपटूला शिकवलं जातं. तेव्हा स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात असं करणं म्हणजे आगीशी खेळ. मला तो या कामातला खरा कारागीर वाटतो.

युद्धानंतरच्या पहिल्या अधिकृत सामन्यापासून, म्हणजे सप्टेंबर १९४६ मध्ये बेलफास्टला, तो इंग्लंडचा सेंटर हाफ झाला. तिथून एप्रिल १९५० पर्यंत सलग २७ सामने. एकदाही त्याची जागा दुसऱ्याला मिळाली नाही. लिस्बनला पोर्तुगालवर १०-०, तुरिनला इटलीवर ४-०. तुरिनचा आकडा एकतर्फी दिसतो, पण इटलीनं बराच वेळ इंग्लंडच्या गोलसमोर तळ ठोकला होता. अशा दिवशी बचाव किती पक्का आहे ते कळतं. इकडे स्टोक १९४७ च्या हंगामात शेवटच्या दिवसापर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होता. शेफिल्ड युनायटेडला हरवलं असतं तर लीग त्यांची होती. २-१ नं हरले. त्याच्या महिनाभर आधी आपल्या नामांकित विंगरला, स्टॅन्ली मॅथ्यूजला, ब्लॅकपूलला विकून झालं होतं.

मग बोगोटा, कोलंबियाची राजधानी. कोलंबियाची लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती, म्हणून तिथल्या क्लबांना खेळाडू घेताना त्याच्या जुन्या क्लबला पैसे मोजायची गरज नव्हती. तोच पैसा ते खेळाडूला देत. अर्जेंटिनाचे संपकरी खेळाडू तिथे गेले होते. त्यांच्यातला नामांकित फॉरवर्ड डी स्टेफानो बोगोटाच्याच मियोनारिओस क्लबकडे होता. फ्रँकलिनला सांता फे क्लबनं बोलावलं, इंग्लंडमधल्या पगाराच्या कित्येक पट देऊन. पत्नी गरोदर होती. तेच कारण देऊन त्यानं वर्ल्ड कपसाठी उपलब्ध नसल्याचं कळवलं आणि मे १९५० मध्ये, स्टोकच्याच जॉर्ज माउंटफर्डबरोबर, तो निघाला. हे लपूनछपून जाणं मला खटकतं, ते मी झाकणार नाही. पण उघडपणे मागितलं असतं तर परवानगी मिळाली असती का? सगळी रचनाच नाही म्हणण्यासाठी उभी होती.

तिथे निभलं नाही. कोलंबिया राजकीय हिंसाचारात होरपळत होता, रात्रीची संचारबंदी होती, शहर २,६०० मीटर उंचीवर, आणि घरात बाळंतपण जवळ आलेलं. सहा सामने खेळून दोनेक महिन्यांत तो परत आला. मँचेस्टर युनायटेड सोडून तिथेच गेलेला चार्ली मिटन मात्र हंगाम पुरा करूनच परतला.

२९ जून १९५० ला ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपमध्ये बेलो होरिझोंटेत इंग्लंड अमेरिकेकडून १-० नं हरला. ज्या वर्ल्ड कपला आपला भारताचा संघ पात्र असूनही गेला नाही, तोच हा. इंग्लंडच्या पराभवाचा राग जायला जागा हवी होती, आणि फ्रँकलिन समोर होता. त्याला निलंबित केलं गेलं. स्टोकलाही तो नको होता. फेब्रुवारी १९५१ मध्ये दुसऱ्या विभागातल्या हल सिटीनं त्याला २२,५०० पौंडांना घेतलं. पैसे क्लबला, सही करणाऱ्या खेळाडूसाठी नियमात बसणारी रक्कम होती १० पौंड. हलमध्ये गुडघ्याच्या दुखापती सुरू झाल्या. पाच वर्षांत लीगचे ९५ सामने झाले, मग क्रू, मग स्टॉकपोर्ट, सगळं खालच्या विभागांत. इंग्लंडनं त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही.

त्याच्या जागी मात्र माणूस सापडेना. नोव्हेंबर १९५० मध्ये लेस्ली कॉम्प्टनला ३८ व्या वर्षी पदार्पण करायला लावलं. हा डेनिस कॉम्प्टनचा भाऊ. डेनिसनं १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईत होळकर संघाकडून नाबाद २४९ केल्या, ते आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. १९५३ मध्ये वेम्बलीवर हंगेरीच्या हिडेगकुटीनं तीन गोल केले. तो सेंटर फॉरवर्डचा अंक घालून मागे सरकत होता, आणि त्याच्यामागे जावं की जागेवर थांबावं हे इंग्लंडच्या सेंटर हाफला, बिचाऱ्या हॅरी जॉन्स्टनला, शेवटपर्यंत उमगलं नाही. फ्रँकलिन असता तर तो ६-३ चा पराभव टळला असता, असा दावा मी करत नाही. पण त्या जागेवर उभं राहून विचार करणारा माणूस तेव्हा हलमध्ये दुसऱ्या विभागात खेळत होता. अखेर १९५४ च्या वर्ल्ड कपमध्ये कर्णधार बिली राइट विंग हाफवरून मागे आला आणि ती जागा भरली.

जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर, पगाराची मर्यादा उठली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले, उघडपणे, आपल्याच देशात खेळून. त्याच महिन्यात फ्रँकलिनला ३९ वर्षं पूर्ण झाली.