एकाच फोल्डरमधलं माद्रिद

नमस्कार. आयोजकांनी दोन सत्रं सुचवली होती: मध्यंतराआधी शहर, मध्यंतरानंतर डोंगर. मी म्हटलं, चहा हवा तेव्हा घेऊ, पण फोटो वेगळे करता येणार नाहीत. नोकरीनिमित्त मी माद्रिदला राहतो. आठवडाभर कामावरून येता-जाता शहराचे फोटो काढतो आणि सुट्टीला ग्वादार्रामाच्या डोंगरात चालायला जातो. संगणकात हे सगळं एकाच फोल्डरमध्ये पडलेलं असतं. बायको म्हणते, आळस. माझं म्हणणं असं, की हे शहर त्याच्या डोंगरापासून वेगळं काढून दाखवलं तर निम्मं कळतच नाही.

पडद्यावर पहिला फोटो आहे तो माझा नाही. तारीख २४ जून १८५८, जागा माद्रिदमधला सान बेर्नार्दो रस्ता. मधोमध उंच उडालेला पाण्याचा फवारा दिसतोय ना? डोंगरातलं पाणी कालव्याने पहिल्यांदा शहरात पोचलं, त्या समारंभाचा हा फोटो. काढणारा चार्ल्स क्लिफर्ड. मूळचा वेल्सचा. १८५० च्या आसपास माद्रिदला आला, तिथेच राहिला, राणी इसाबेल दुसरी हिच्यासाठी त्याने काम केलं आणि १ जानेवारी १८६३ ला तिथेच वारला. म्हणजे बाहेरून येऊन या गावाचे फोटो काढण्याची परंपरा चांगली दीडशे वर्षांहून जुनी आहे. मी आपला शेवटच्या रांगेतला.

त्याआधी माद्रिद जमिनीखालच्या जुन्या पाटांवर आणि पाणक्यांच्या खांद्यांवर जगत होतं. लोकसंख्या वाढत गेली, पाणी पुरेना. मग लोथोया नदी अडवायचं ठरलं. ही नदी पेन्यालाराच्या उतारांवरून, बर्फ वितळून येते. पेन्यालारा २,४२८ मीटरचं, ग्वादार्रामातलं सर्वांत उंच शिखर. कालव्याला राणीचं नाव दिलं, आणि आजही माझ्या घरचं पाण्याचं बिल 'कनाल दे इसाबेल सेगुंदा' याच नावाने येतं. राणीला पदच्युत होऊन दीडशे वर्षं झाली, बिल चालू आहे.

क्लिफर्ड नुसता समारंभाला गेला नव्हता. धरणाचं बांधकाम, पूल, बोगदे, सगळीकडे तो अवजड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन फिरला. ओल्या कोलोडियनचा जमाना होता तो. काच तिथल्या तिथे रसायनात भिजवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे अंधारखोलीसुद्धा सोबत न्यायची. आम्ही फोन खिशातून काढायचा कंटाळा करतो!

हा पुढचा फोटो माझा. पोन्तोन दे ला ओलिवा, त्या योजनेचं पहिलं धरण. कैद्यांकडून बांधून घेतलेलं. खालचा खडक चुनखडीचा, त्यामुळे पाणी झिरपून जायला लागलं आणि थोड्याच वर्षांत वरच्या बाजूला दुसरं धरण बांधावं लागलं. भिंत मात्र अजून ताठ आहे. डावीकडे कड्यावर लाल ठिपका दिसतो तो गिर्यारोहक आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे प्रस्तरारोहण करणाऱ्यांची गर्दी असते. या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो. दगड इतके चोख घडवलेत की सांध्यात नख जाणार नाही. आणि ते घडवणाऱ्या एकाचंही नाव कुठे दिसत नाही.

आता हा चौक, ग्लोरिएता दे बिल्बाओ. कॅफेची टेबलं, रिकामे ग्लास, ग्लासात बर्फाचे खडे. फोटो साधाच आहे, पण जागा बघा. इथे फुएनकार्राल रस्त्याच्या टोकाला पूर्वी शहराचं दार होतं आणि त्या भागात बर्फाच्या विहिरी होत्या. ग्वादार्रामातला बर्फ दाबून, गवत-पाला घालून खेचरांवरून आणायचा, विहिरीत साठवायचा आणि उन्हाळ्यात विकायचा. यंत्राचा बर्फ येईपर्यंत हा धंदा चालला. थंडगार सरबताची चैन डोंगराच्या जिवावर होती.

आणि एकदा बर्फ खेचराविना आपणहून आला. जानेवारी २०२१, फिलोमेना नावाचं वादळ. माद्रिदमध्ये काही ठिकाणी गुडघ्याच्याही वर बर्फ साचला. हे बघा, ग्रान व्हिया, आपल्या लक्ष्मी रोडइतका गजबजलेला रस्ता, आणि त्यावरून माणसं स्की करत चालली आहेत. एरवी शनिवारी सकाळी स्की खांद्यावर टाकून डोंगराकडे जाणारे लोक त्या दिवशी घरच्या दारातच उतरले. झाडं मात्र हजारोंनी मोडली. फांदीखाली दबलेली ही मोटार शेजाऱ्यांची. ते फोटोवर हसले, विम्याच्या कागदांवर नाही.

प्रकाशाबद्दल दोन शब्द, कारण फोटोवाले विचारतातच. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे, हवा कोरडी. त्यामुळे थंडीत, वारा सुटला की देहेसा दे ला व्हिया या बागेतून ग्वादार्रामाची अख्खी रांग स्वच्छ दिसते. प्रादो संग्रहालयात वेलास्केझने रंगवलेला राजपुत्र बाल्तासार कार्लोस आहे, घोड्यावर बसलेला. सगळे घोडा बघतात. तुम्ही मागचे निळसर, बर्फाळ डोंगर बघा. तेच हे.

दुसरं, घड्याळ. स्पेनने १९४० साली घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेशी जोडलं आणि ते तसंच राहिलं. त्यामुळे जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो दुपारी सव्वादोनच्या सुमाराला आणि मावळतो रात्री पावणेदहाला. हे फोटोंमध्ये 'संध्याकाळ' म्हणून दिसतंय ना, ते रात्रीचे नऊ आहेत. आजीबाई खुर्च्या टाकून फुटपाथवर बसल्यात, पोरं फुटबॉल खेळतायत. उशिरा जेवतात म्हणून त्यांना आळशी ठरवणाऱ्यांनी आधी सूर्याकडे बघावं.

डोंगराकडे जायला फार खटपट लागत नाही. लोकलने थेर्सेदियाला उतरायचं की खोरं समोरच. तिथून खिंडीकडे चढणारी छोट्या मापाची रेल्वे १९२३ साली सुरू झाली, मुख्यतः शहरातल्या हौशी लोकांसाठी. त्या काळात एदुआर्दो श्मिट नावाचा जर्मनभाषक गृहस्थ पेन्यालारा गिर्यारोहण संस्थेचा सदस्य होता. त्याने १९२० च्या दशकात नावासेर्रादा खिंडीपासून फुएनफ्रियाच्या खोऱ्यापर्यंतची वाट खुणांनी आखली. आजही तिला श्मिटची वाट म्हणतात, आणि झाडांवर पिवळे ठिपके असतात. हा क्लोजअप त्यातलाच. पाइनची साल वरच्या अंगाला नारिंगी, पापुद्रे सुटलेली. त्यावर रंग वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा फासलेला, त्यामुळे ठिपक्याची कड जाड झाली आहे. परदेशी माणूस कुठल्या गावाला काय देऊन गेला असं कुणी विचारलं, तर मी क्लिफर्डच्या फोटोंआधी ही वाट सांगेन. फोटो बघायला संग्रहालयात जावं लागतं. वाटेवर दर रविवारी माणसं असतात, त्यांतल्या बहुतेकांना श्मिट कोण ते ठाऊक नसतं, आणि त्याने काही अडत नाही.

सह्याद्रीत चालणाऱ्याला इथे दोन गोष्टी चकवतात. एक, ग्रॅनाइट: कोरडा असला की बूट घट्ट धरतो, म्हणून फाजील विश्वास बसतो, आणि सावलीत पातळ बर्फ चढलेला असला तर पाय गेलाच. दुसरी, उन्हाळा. आपण पावसाळ्यात डोंगर गाठतो. तिथे ऑगस्टमध्ये रान वाळलेलं, आगीची भीती, आणि खाली शहरात निम्म्या दुकानांची शटरं बंद, त्यावर 'सुट्टीवर आहोत' असं हाताने लिहिलेले कागद. त्या कागदांचीच ही बारा चित्रं. कुणी सूर्य काढलाय, कुणी नुसतीच तारीख. चांभाराने लिहिलंय की समुद्रावर गेलोय, घाईचं काम असेल तर तुम्हीही या.

शेवटी मघाच्या कुजबुजीला उत्तर: माणसांचे चेहरे इतके कमी का? स्पेनमध्ये १९८२ चा कायदा आहे, माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवर हक्क मानणारा. गर्दीत ओघाने आलेला चेहरा वेगळा, पण एखाद्याला हेरून काढलेला फोटो त्याच्या संमतीशिवाय चारचौघांत दाखवायचा नाही. मुलांच्या बाबतीत तर आणखी कडक. म्हणून रास्त्रोच्या रविवारच्या बाजारातला घड्याळवाला आज तुम्हाला दिसतोय, कारण त्याला विचारलं आणि तो हो म्हणाला. त्याच्या शेजारची लोणची विकणारी बाई नाही म्हणाली, म्हणून तिची फक्त बरणी आहे. ऑलिव्ह फार छान होते.

दिवे लावा आता. लेन्सबद्दलचे प्रश्न चहाच्या वेळी घेऊ, वाटांबद्दलचे आत्ता विचारा.