अठरा पूर्ण, पुढे काय?

(दृश्य: कॉलेजचं कार्यालय. प्रवेशाचे दिवस. खिडकीसमोर रांग, मुलांबरोबर आलेले आईवडील, मामा, काका.)

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात जा, हेच दिसेल. प्रवेश एकाचा आणि रांगेत अख्खं घर. वडिलांच्या हातात फाइल, आई झेरॉक्स मोजतेय, मामा बाजूला जाऊन कुणा ओळखीच्या क्लार्कला फोन लावतोय.

याच रांगेत एखादी मुलगी एकटी असते. अर्ज ती भराभर भरत जाते. नाव, गुण, माध्यम. मग येतं 'पालकाचे नाव व नाते'. त्याखाली 'वार्षिक उत्पन्न'. हॉस्टेलचा अर्ज वेगळा, त्यावर 'लोकल गार्डियनचा पत्ता व सही'. इथे पेन थांबतं. ही मुलगी बालगृहात वाढलेली आहे.

(दृश्य: अर्जाचा तो कागद, जवळून. रिकामे रकाने.)

बाल न्याय कायदा 2015 सालचा. त्यानुसार बालगृहात राहता येतं ते 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत. संस्थेत न राहता नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिना 2,250 रुपयांची. तीही अठराव्या वर्षी थांबते. आता हे अठरावं वर्ष पूर्ण होतं कधी? बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे, नाहीतर कॉलेजच्या पहिल्या वर्षात. घरातल्या मुलाला आपण म्हणतो, 'आत्ता कुठे कॉलेजला लागलाय', ते हे वय.

स्टेशनवर, देवळाबाहेर सापडलेल्या मुलांचं आणखी वेगळं. त्यांची जन्मतारीख कुणालाच माहीत नसते. कागद नसतील तर वैद्यकीय तपासणी होते, डॉक्टर हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज देतात आणि तोच नोंदीवर येतो. पुढे त्याच अंदाजावर डोक्यावरचं छप्पर जातं. मनाचे मोठे अधीक्षक परीक्षा उरकेपर्यंत सांभाळून घेतात. पण मनाचा मोठेपणा हा काही नियम नव्हे.

(दृश्य: पुणे रेल्वे स्टेशन, रात्र.)

अमृता करवंदे गोव्यातल्या एका अनाथाश्रमात वाढल्या. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तिथून बाहेर पडल्या आणि पुण्याला आल्या. पुण्यातली पहिली रात्र त्यांनी स्टेशनवर काढली. पुढे मिळेल ते काम करत त्यांनी पदवी घेतली, स्पर्धा परीक्षा दिली. तिथे अडलं ते नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावर. आपलं घर फार कमावत नाही हे सिद्ध करायला आधी घर लागतं! त्यांनी हा प्रश्न थेट तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे मांडला. 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारनं अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का समांतर आरक्षण दिलं.

कागदावर एक टक्का, पण त्यानं एक मोठी गोष्ट झाली. 'अनाथ प्रमाणपत्र' या कागदाला वजन आलं. संस्था सुटण्याआधी ते हातात पडलं तर ठीक. नाही पडलं, तर कॉलेज एका गावात आणि बालकल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, दुसऱ्या गावात, अशी एसटीची वारी सुरू होते, तीही तास बुडवून.

जुलै 2024 मध्ये आणखी एक शासन निर्णय निघाला. त्याची बातमी झाली ती मुलींच्या मोफत व्यावसायिक शिक्षणाची. त्याच निर्णयात अनाथ मुलामुलींचंही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी की व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच (कॅप) घेतलेला हवा. म्हणजे फीचं ओझं निदान इथे तरी उतरलं. आपली चर्चाही बहुतेक वेळा इथेच संपते. देणगीदार विचारतात, 'फी किती आहे तिची?'

(दृश्य: हॉस्टेलची रिकामी गॅलरी. दोरीवर एकच टॉवेल.)

पण दिवाळीत हॉस्टेल रिकामं होतं, मेस बंद होते. सगळे बॅगा भरून गावी निघतात. जिला गाव नाही, तिनं कुठे जायचं? फराळाचं जाऊ द्या, झोपायचं कुठे? मे महिन्यात हाच प्रश्न पुन्हा, आणि तेव्हा सुट्टी लांबलचक. बरीच मुलं या सुट्ट्यांमध्ये राहण्या-जेवणाची सोय होईल असं काम धरतात. हॉटेल, केटरिंग, वॉचमनची रात्रपाळी. कॉलेज उघडतं तेव्हा त्यातली काही परत येत नाहीत.

बारीकसारीक अडचणी तर विचारू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर संस्थेतल्या कुणाचा असेल आणि त्या व्यक्तीची बदली झालेली असेल, तर बसा शोधत. ताप आला तर डॉक्टरकडे नेणारं कुणी नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, तर 'होतं असं, पुन्हा बस परीक्षेला' हे सांगणारंही कुणी नाही. आणि इतकी वर्षं घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं झालेलं असतं. महिन्याचे पैसे महिनाभर कसे पुरवायचे हे शिकायची वेळच आलेली नसते.

परदेशात काही विद्यापीठांनी नेमकं हेच हेरलंय. अमेरिकेतल्या वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात 2008 पासून 'सीटा स्कॉलर्स' नावाची योजना चालते, फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरात वाढून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी. ज्यांच्या नावानं ती आहे ते जॉन सीटा याच विद्यापीठात शिकलेले आणि स्वतः फॉस्टर केअरमध्ये वाढलेले. तिथे शिष्यवृत्ती आहेच. शिवाय कॅम्पसवर बाराही महिने राहता येतं, आणि प्रत्येकाला एक ठरलेला मार्गदर्शक असतो, हक्कानं फोन करावा असा.

(दृश्य: अमरावती जिल्हा, अचलपूर तालुका. वझ्झरचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं.)

वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात ही सोय योजनेचं नाव न घेता झाली. शंकरबाबांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. इथली बेवारस दिव्यांग मुलं वडील म्हणून त्यांचंच नाव लावतात. तो अर्जावरचा रकाना इथे रिकामा राहत नाही. अठरा वर्षांनंतर या मुलांना बाहेर काढू नये, असा कायदा करा, ही शंकरबाबांची कित्येक वर्षांची मागणी.

जळगाव रेल्वे स्टेशनवर तान्ही असताना सापडलेली एक दृष्टिहीन मुलगी इथे आणली गेली. शंकरबाबांनी तिचं नाव ठेवलं माला. माला पापळकर ब्रेलवर शिकल्या, अमरावतीला राहून पदवीधर झाल्या, नंतर एमपीएससीच्या मागे लागल्या. पहिल्या फटक्यात काही झालं नाही. 2024 मध्ये लिपिकपदाची परीक्षा त्यांनी काढली आणि नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नेमणूक मिळवली.

मालाताईंची हुशारी आणि चिकाटी त्यांची स्वतःची. पण नापास व्हायची सवड त्यांना मिळाली, हेही नोंदवायला हवं. परीक्षा हुकली तरी परतायला वझ्झर होतं.

(दृश्य: अनुरक्षण गृहाची पाटी. आत खोलीत पुस्तकं, लोखंडी कॉट.)

अठरानंतर सरकारी सोय अजिबात नाही, असं नाही. अनुरक्षण गृहं आहेत, साधारण 21 व्या वर्षापर्यंत राहता येतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून महिना 4,000 रुपयांची मदत आहे. अपवाद म्हणून मुदत 23 पर्यंत वाढू शकते.

आता हिशेब करा. अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला गेलेली मुलगी चार वर्षांनी, बाविसाव्या वर्षी बाहेर पडेल. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं, म्हणजे चोविसावं उजाडणार. बीए तीन वर्षांत होतं, ते बरोबर एकविसाव्याला संपतं, पण एकाही विषयात मागे न राहता. त्या रांगेतल्या मुलीला शाखा निवडताना आवड आणि गुण यांच्या आधी हीच वजाबाकी करावी लागते. खिडकीपाशी तिचा नंबर येतो, क्लार्क विचारतो, "पालक कुठे आहेत?" ती फाइलमधून अनाथ प्रमाणपत्र काढून पुढे करते. बऱ्याच खिडक्यांवर क्लार्कनं ते याआधी पाहिलेलंच नसतं. तो ते उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "थांब जरा, साहेबांना विचारून येतो."