डोंगर उजव्या हाताला

नमस्कार, श्रोतेहो.

श्रावणातला तिसरा सोमवार जवळ आला की आपल्या नाशिकमध्ये घरोघरी एकच चौकशी सुरू होते, यंदा फेरीला कोण कोण? कुठली फेरी, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. रविवारी रात्री त्र्यंबकच्या कुशावर्तात स्नान करायचं, ब्रह्मगिरीला उजव्या हाताला ठेवून चालायला लागायचं आणि वीस-एक किलोमीटर चालून पुन्हा त्र्यंबकलाच यायचं. डोंगर उजव्या हाताला. हे तेवढं लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

डोंगर आणि अध्यात्म असा आजचा विषय आहे. आणि मला तो माझ्या आत्याशिवाय सांगता येत नाही.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा डोंगरवेडा होतो. हरिहरच्या त्या उभ्या, खोबण्या असलेल्या पायऱ्या मी पाठ केल्या होत्या. अंजनेरी, साल्हेर, रतनगड, कळसूबाई, सगळं झालं होतं. ब्रह्मगिरीवर तर मी अकरा वेळा गेलो होतो. वहीत तारखा लिहून ठेवायचो आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ती वही दाखवायचो.

आत्या दिंडोरी तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरची. तेव्हा साठीला आलेली. दरवर्षी फेरी करायची, अनवाणी. त्या वर्षी सोबतीला कुणी नव्हतं म्हणून वडिलांनी मला पाठवलं. मी नवेकोरे बूट घातले, डोक्याला बॅटरी बांधली आणि कुशावर्तावरच तिला म्हणालो, "आत्या, फेरी कशाला? तेवढ्या वेळात आपण वर जाऊन गोदावरीचा उगम बघून खाली येऊ. डोंगराला नुसतं वळसा घालून काय मिळतं?"

ती ओचा खोचत होती. वर न बघता म्हणाली, "मूळगंगेला मी जाऊन आले रे बाबा, दोनदा. पण दरवेळी त्याच्या डोक्यावर पाय द्यायचा का? आज त्याला उजव्या हाताला ठेवायचं."

निघालो. पाऊस झिमझिम होता. प्रयागतीर्थ मागे पडलं, पहिन्याच्या बाजूला वळलो. माणसांची रांग पुढेही आणि मागेही, कुणी हरिनाम घेतंय, कुणी गप्प. वाटेत लोक दगडावर दगड रचून घरं करत होते, घर व्हावं म्हणून. आत्यानेही तीन दगड रचले. तिचं घर होतं. मी विचारलं तर म्हणाली, "तुझं व्हायचंय ना."

इथे एक सांगतो, विषयाला सोडून आहे, पण सांगतो. फेरीच्या दिवशी उपास म्हणून लोक साबुदाण्याची खिचडी भरपेट खातात आणि मग चौथ्या-पाचव्या किलोमीटरला पोट धरून बसतात. खिचडी घरी, चालताना नको. आत्याच्या पिशवीत भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि दोन राजगिऱ्याचे लाडू, एवढंच असायचं. रात्रभर चालायला तेवढं पुरतं. आणि ते मोठे कर्णे लावलेले टेम्पो फेरीत आणू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री अंधारात नुसतं पाणी ऐकू येत होतं. डोंगर किती मोठा आहे हे त्या आवाजावरूनच कळत होतं.

धाडोशीच्या अलीकडे चिखलात माझ्या उजव्या बुटाचा तळ निघाला. सगळाच निघाला, चिखलातच राहिला. आत्याने पिशवीतून सुतळी काढून तो बांधून दिला. शंभर पावलंही टिकला नाही. मग ती म्हणाली, "आता दुसराही काढ. एका पायात घालून चालशील तर कमरेत भरेल."

काढला. दोन्ही बूट गळ्यात अडकवले.

पहिली दहा मिनिटं मी खडेच मोजत होतो. प्रत्येक खडा थेट डोक्यात जात होता. आत्या माझ्या पावलांकडे बघत होती. म्हणाली, "टाच आपटू नको. आधी चवडा टेकव, जागा बघ, मग भार दे." तसं करून पाहिलं. पाय जमीन चाचपायला लागले. इथे गवत आहे, इथे वाहतं पाणी आहे, घोट्यापर्यंत गार चिखल आहे, त्याच्याखाली पुन्हा दगड आहे, आणि तो दगड गुळगुळीत झालाय, कारण माझ्याआधी इथून कितीतरी पाय गेलेत. चाल अर्ध्यावर आली. त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर मी अकरा वेळा धावलो होतो. त्याला हात लावल्यासारखं मात्र त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

उजाडायला आलं तेव्हा आम्ही डोंगराच्या पश्चिमेला होतो. म्हणजे सूर्य डोंगराच्या मागून वर येणार. आत्या एका दगडावर बसली, गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "थांब, आता तो दिसेल."

सगळं पांढरं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग ढग मधोमध फाटला आणि कडा दिसला. काळा, ओला, आडव्या थरांचा, त्यावरून उतरणाऱ्या धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा, आणि वरच्या धारेला मागून आलेला उजेड. मान मागे टाकली तरी संपत नव्हता. मी आत्याला विचारलं, "हा ब्रह्मगिरी?"

ती म्हणाली, "मग? वर गेल्यावर कसा दिसेल? वर गेल्यावर बाकीचं सगळं दिसतं. तो तेवढा दिसत नाही."

श्रोतेहो, अकरा वेळा मी त्या डोंगरावर गेलो होतो. तिथून अंजनेरी पाहिला होता, हरिहर पाहिला होता, खालचं गाव पाहिलं होतं. ब्रह्मगिरी पाहिला नव्हता. डोंगर उजव्या हाताला ठेवला तेव्हा तो दिसला.

आता थोडं त्या पलीकडचं. निवृत्तीनाथांची कथा आपल्याला ठाऊक आहे. आईवडील आणि भावंडांबरोबर ते ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते. वाघ आला, सगळे पांगले, निवृत्तीनाथ चुकले आणि एका गुहेत शिरले. आत गहिनीनाथ बसले होते. पुढे निवृत्तीनाथांकडून ज्ञानदेवांना जे मिळालं, ते आपल्या सगळ्यांपर्यंत पोचलं. गुरू भेटले ते फेरीच्या वाटेवर, आणि तेही वाट चुकल्यावर. त्याच निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकलाच, डोंगराच्या पायाशी आहे.

सप्तशृंगीला बघा. नांदुरीहून आपण गडावर जातो, देवीच्या पायाशी थांबतो. तिच्या मागचं शिखर आपलं नसतं. तिथे ध्वज लावायला दरेगावच्या गवळी घराण्यातला माणूस जातो, चैत्रात आणि नवरात्रात, रात्रीच्या वेळी. बाकीचे लाखो लोक सकाळी खालूनच त्या ध्वजाला हात जोडतात. कळवण-सुरगाण्याकडचे आपले आदिवासी बांधव मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव करतात, त्यांचा तर डोंगर हाच देव.

आणि हे आपल्यापुरतंच आहे असं नाही. कैलासाची उंची ६६३८ मीटर, त्याहून कितीतरी उंच शिखरं माणसाने गाठली, पण कैलासाला परिक्रमाच घातली जाते. १९५५ साली कांचनजंगा पहिल्यांदा चढली गेली, तेव्हा ते दोघे ब्रिटिश गिर्यारोहक माथ्याच्या काही फूट खाली थांबले. तो माथा सिक्कीमच्या लोकांना पवित्र होता आणि तिथे पाय न ठेवण्याचा शब्द दिलेला होता. ८५०० मीटरच्या वर जाऊन, शेवटची चार पावलं बाकी असताना थांबायचं. मला त्या चढाईतलं हे थांबणंच सगळ्यात मोठं वाटतं.

वर जाऊच नका, असं मी म्हणत नाही. मी अजून जातो. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, देवीचंच देऊळ आहे, तिथे तिच्या घरी जायचं तर वरच जावं लागतं. पण शिडी संपल्यावर बूट काढावेत आणि मग चार पावलं चालावं. वही मात्र मी त्या वर्षानंतर लिहिली नाही.

आणखी एक, हे शाळेत शिकवायला हवं. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेला १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणाही ह्याच डोंगरातली, ती पश्चिमेला अरबी समुद्रात जाते. मुंबईच्या नळाला वैतरणेचं पाणी येतं. दोन समुद्रांना पाणी देणारा डोंगर आपल्या उशाशी आहे, मुलांना एकदा त्याच्याभोवती चालवा. फेरीत गोदावरी आणि वैतरणा, दोन्हींच्या बाजू पायाखालून जातात.

आत्या आता ऐंशीची आहे. गुडघे चालू देत नाहीत. फेरीच्या पहाटे मात्र तिचा फोन येतो, बरोबर पाचच्या सुमाराला. गेल्या श्रावणातही आला.

"कुठवर आलास?"

"धाडोशी, आत्या."

"दिसतो का?"

"ढगात आहे."

"मग बस तिथंच जरा. गूळ आणलाय ना?"